घरातल्या सामानातून ईस्टरची क्राफ्ट: पहिल्यांदाच करणाऱ्या आईबाबांसाठी

ईस्टरला, म्हणजे येशू कबरीतून पुन्हा उठला त्या सणाला, मुलांसोबत काहीतरी करायचंय पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, असं बऱ्याच आया विचारतात, आणि मग शेवटी ऑनलाइन एखादं किट मागवलं जातं, त्यात प्लॅस्टिकची अंडी, चमकीचे स्टिकर, सशाचे कान वगैरे येतात, अर्ध्या तासात सगळं चिकटवून होतं आणि सोमवारी ते कचऱ्यात जातं. हे किट लागत नाही. खरंच लागत नाही. कांद्याची सालं, अंड्याचा ट्रे, नारळाची करवंटी, जुन्या लग्नपत्रिका आणि मूठभर मेथी एवढ्यावर पूर्ण आठवडा निघतो, आणि मुलं ते वर्षभर लक्षात ठेवतात.

माझं मुख्य सांगणं एकच आहे. सगळं एका दुपारी उरकू नका, पवित्र आठवड्याच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्याच्या, क्रमाने करा. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार) झावळीचं काम, गुरुवारी अंडी रंगवायची, शुक्रवारी काही नाही, शनिवारी मेणबत्ती, रविवारी शोधाशोध. असं केलं की कुठल्या दिवशी काय घडलं हे पोरांना वेगळं पाठ करून घ्यावं लागत नाही, ते हातातून आत जातं. धर्मशिक्षणाच्या वर्गात जे ऐकलेलं असतं ते इथे जुळतं. आणि तुम्ही ख्रिस्ती नसाल, नुसतंच मुलाला शाळेतून सांगितलंय म्हणून किंवा शेजारच्या मैत्रिणीच्या सणात भाग घ्यायचा म्हणून करताय, तरी हाच क्रम सोपा पडतो कारण रोज थोडंच काम असतं.

आधी तारीख बघून ठेवा, कारण ईस्टर दरवर्षी सरकतो. २१ मार्च किंवा त्यानंतरची जी पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार, असा ढोबळ हिशोब आहे, त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यामध्ये कधीही येतो. २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च. त्याच्या आठ दिवस आधीच्या शनिवारी पहिलं काम करायचंय, बी पेरायचं, म्हणून कॅलेंडरवर तो शनिवार आत्ताच गोल करून ठेवा.

काय जमवायचं

राखेच्या बुधवारपासून, ईस्टरच्या साधारण दीड महिना आधी, उपवासकाळ चालू होतो तेव्हाच एक पुठ्ठ्याचा खोका काढा आणि मुलांना सांगा की यात टाकत जायचं. अंड्याचे राखाडी पुठ्ठ्याचे ट्रे (तीस अंड्यांचा येतो तो, वाण्याकडे मागितला तर फुकट देतो), टिश्यू रोलच्या आतल्या नळ्या, लग्नपत्रिका, जुने मोजे, तुटके क्रेयॉन, मेणबत्त्यांची टोकं, नारळाच्या करवंट्या आणि नारळ सोलल्यावर निघणारा काथ्या, तो अजिबात फेकू नका, घरटी त्याचीच होतात. कांद्याची सालं वेगळ्या कागदी पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये ठेवली तर घाम येऊन बुरशी धरते. घरची सालं कमी पडली तर भाजीवाल्याकडे गोणीच्या तळाला भरपूर असतात, त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं.

लग्नपत्रिकांबद्दल एक. बहुतेक पत्रिकांवर गणपतीचं नाहीतर कुलदैवताचं चित्र असतं, ते कापायचं नाही, तो भाग आधी मोठ्यांनी अलगद वेगळा काढून बाजूला ठेवायचा. ज्यांनी प्रेमाने पत्रिका दिली त्यांचा देव आहे तो, आणि मुलांनाही ते तिथल्या तिथे सांगता येतं.

चिकटवायला फेविकॉल चालतंच पण मोठ्या कामाला खळ करा. दोन मोठे चमचे मैदा एक कप पाण्यात गुठळ्या न होता कालवायचा, मंद आचेवर सतत हलवत राहायचं, पांढरट दिसणारं पीठ काचेसारखं थोडं पारदर्शक झालं की गॅस बंद. थंड झाल्यावर वापरायची, उरली तर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायचे, ते तुम्ही अजिबात घालू नका, विषारी असतं आणि लहान मुलं बोटं चाटतात.

अजून एक, होळीचे उरलेले रंग आणि रांगोळीचे रंग घरात असतातच आणि मोह होतो, पण ते अंड्यांना लावायचे नाहीत. अंड्याचं कवच सच्छिद्र असतं, रंग आत जातो. खायच्या अंड्यांना फक्त स्वयंपाकघरातलं किंवा खायचे रंग.

शनिवार: बाग पेरायची

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे आणि सगळ्यात कमी सामानाची. कुंडीखाली ठेवतो ती पसरट थाळी घ्या, नसेल तर जुनं ताट, परातही चालेल. तळाला थोडे बारीक खडे, वर दीड-दोन इंच माती. आता अर्धी करवंटी घ्यायची आणि ताटाच्या एका कडेला आडवी, तोंड आपल्याकडे करून मातीत रोवायची, पाठीमागून आणि वरून माती लिंपायची, झाली गुहा. हीच येशूची कबर. तिच्या तोंडाला पुरेल असा चपटा गोल दगड मुलांना शोधून आणायला पाठवा, यात बराच वेळ जातो आणि जाऊ द्यावा, प्रत्येकाला वाटतं आपलाच दगड बरोबर. कबरीच्या वर किंवा मागे छोटी टेकडी करून तिच्यावर तीन क्रूस, काड्यांचे नाहीतर खराट्याच्या हिरांचे, मध्ये दोऱ्याने बांधलेले.

मेथी आदल्या रात्री भिजत घाला. सकाळी पाणी काढून मातीवर दाट पसरायची, वर अगदी पातळ माती भुरभुरवायची, हाताने पाणी शिंपडायचं. मोहरी घेतली तरी चालते, तिला भिजवावं लागत नाही. पहिले एक-दोन दिवस वर ओलं फडकं टाका म्हणजे उन्हाने कोरडं पडत नाही, कोंब दिसले की फडकं काढायचं. घटस्थापनेला ज्यांच्या घरी धान्य रुजवतात त्यांना यात काहीच नवीन नाही. खिडकीतल्या उजेडात ठेवा पण दुपारचं थेट ऊन नको, एप्रिलच्या उन्हात कोवळे कोंब एका दिवसात माना टाकतात. पाणी सकाळ-संध्याकाळ, ओतायचं नाही, शिंपडायचं, आणि हे काम एकाच मुलाला नेमून द्या, दोघांना दिलं की दुप्पट पाणी पडतं आणि बी कुजतं.

तीन दिवसांत कोंब दिसतात, ईस्टरच्या रविवारपर्यंत दोन-अडीच इंच हिरवंगार होतं.

त्याच दिवशी थोडी मोहरी बाजूला ठेवून अंड्याची डोकी पण करून घ्या. आमलेटला अंडं फोडताना वरून चमच्याने टिचकी मारून फक्त टोपी काढायची, कवच धुऊन वाळवायचं, खाली पेन्सिलने अंड्याला छिद्र करून ठेवायचं म्हणजे पाणी साचत नाही. मग स्केचपेनने चेहरा, आत माती, वर मोहरी, आणि अंड्याच्या ट्रेमध्ये उभी करून ठेवायची. चार दिवसांनी केस यायला लागतात. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी यापेक्षा चांगलं काही नाही, सकाळी उठल्याउठल्या बघायला धावतात.

झावळ्यांचा रविवार

वसईत, गोव्यात, कोकणात नारळाची झावळी मिळते त्यामुळे आपल्याकडे हे फार सोपं आहे. मिस्सामध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) आशीर्वादित केलेली झावळी क्राफ्टला वापरू नका, ती घरात क्रूसाजवळ ठेवायची असते आणि पुढच्या वर्षी ती परत चर्चमध्ये नेतात, तिचीच राख करून राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात. मुलांच्या कामासाठी वेगळी झावळी आणा. पुण्या-नाशिककडे झावळी मिळाली नाही तर खजुरी नाहीतर घरच्या कुंडीतल्या पामचं लांब पान, आणि तेही नसेल तर हिरव्या कागदाच्या दोन बोट रुंदीच्या पट्ट्या.

झावळीचं एक पान घ्या, मधला हीर मोठ्यांनी सुरीने काढून टाका, दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या उरतात. एका क्रूसाला दोन पट्ट्या लागतात. पहिली पट्टी साधारण एक फूट, ती मधून दुमडायची, घडी वर, म्हणजे अर्ध्या फुटाचा दुहेरी उभा दांडा झाला. दुसरी पट्टी जरा आखूड, ती या उभ्या दांड्याच्या दोन पदरांमधून आरपार घालायची, वरून एक तृतीयांश अंतरावर. दोन्हीकडे सारखी बाहेर आली पाहिजे. मग उजवं टोक मागे दुमडून मध्यापर्यंत आणायचं, डावंही तसंच, दोन आखूड हात तयार झाले. आता मध्यावर पांढऱ्या दोऱ्याने तिरकं, एकदा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आणि एकदा उलट, तीन-चार वेढे घेऊन मागे गाठ मारायची. खालची दोन टोकं कात्रीने सारखी करायची.

पान ताजं असेल तोवरच नीट दुमडतं. वाळायला लागलं असेल तर तासभर पाण्यात बुडवून ठेवा. सहा-सात वर्षांची मुलं हे स्वतः करतात, गाठ मारायला फक्त मदत लागते, आणि त्यांनी केलेला क्रूस वाकडा आला तर तो सरळ करायला घेऊ नका. हे मी फार मनापासून सांगतेय. मोठ्यांनी सुधारलेली वस्तू मुलाची राहत नाही, आणि तो पुढच्या वेळी हातच लावत नाही, तूच कर म्हणतो. कडा वाकडी असू दे, फेविकॉल बाहेर आलेलं असू दे.

सोमवार ते बुधवार: ट्रेची पिल्लं आणि कागदी अंडी

परीक्षा चालू असतात म्हणून हे तीन दिवस हलके ठेवा. अंड्याच्या ट्रेचे दोन-दोन खण कापा, एकमेकांवर तोंडाला तोंड लावून मागच्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवा म्हणजे डबीसारखं उघडतं-मिटतं. बाहेरून पिवळा रंग, पोस्टर कलर नसला तर फेविकॉलमध्ये पाणी आणि हळद कालवून लावा, थोडा डाग पडतो पण रंग सुंदर येतो. पत्रिकेच्या लाल-केशरी तुकड्याची चोच, स्केचपेनचे डोळे. काथ्या मोकळा करून करवंटीत दाबून बसवायचा, घरटं तयार, पिल्लू त्यात. ट्रेच्या मधले उंच टोकदार भाग उरतात ते फेकू नका, उलटे करून कडेला चार पाकळ्या कापल्या की घंटेसारखी फुलं होतात.

ससा करायचा असेल तर जुना मोजा. खालच्या भागात वाळू भरलेली छोटी पिशवी, वर रबरबँड, मग डोक्यासाठी चिंध्या, परत रबरबँड, आणि उरलेला वरचा भाग मधून उभा कापला की दोन कान. शिवण लागत नाही. ससा हा मूळचा जर्मन मुलखातला, १६८२ च्या एका जर्मन डॉक्टरच्या लॅटिन लिखाणात अंडी आणणाऱ्या सशाचा उल्लेख सापडतो, तिथून तो अमेरिकेत गेला आणि चॉकलेटच्या दुकानांमधून आपल्याकडे आला. मुलांना आवडतो तर करू द्यावा, पण माझ्या मते आपल्या अंगणात कोंबडी आणि पिल्लं जास्त जवळची वाटतात.

ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांच्यासाठी हे तीन दिवस महत्त्वाचे, कारण तुमची अंडी आत्ताच करायला लागतील. छोटा फुगा अंड्याएवढा फुगवा, वर्तमानपत्राचे दोन बोटं रुंद तुकडे हाताने फाडा (कात्रीने कापलेल्या कडा नीट बसत नाहीत, फाटलेल्या बसतात), खळीत बुडवून फुग्यावर आडवे-उभे लावा. तीन थर. शेवटचा थर कोऱ्या पांढऱ्या कागदाचा दिलात तर वर रंग खुलतो. एक दिवस पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, मग टाचणीने फुगा फोडून काढायचा आणि भोक एका तुकड्याने बुजवायचं, बुजवण्याआधी आत शेंगदाण्याची चिक्की नाहीतर चिठ्ठी टाकता येते. फुग्याचे तुकडे लगेच उचला, लहान मुलं तोंडात घालतात.

याहून सोपं म्हणजे मिठाची कणीक. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाऊण वाटी पाणी हळूहळू घालत घट्ट मळायचं. पोळीपेक्षा जाड लाटून वाटीने किंवा डब्याच्या झाकणाने आकार कापा, वर काडीने भोक पाडा दोऱ्यासाठी, आणि गच्चीवर दोन-तीन दिवस उन्हात, मधे एकदा उलटायचं. वाळल्यावर रंगवायचं. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासून दूर ठेवा, एवढं मीठ त्याला धोक्याचं असतं. आणि पत्रिकेच्या जाड कागदाची अंडी कापून, सोनेरी कडा वापरून, सुतळीला लावली की दारावरचं तोरण होतं, ते तर दहा मिनिटांचं काम आहे.

गुरुवार: अंडी रंगवायची

ग्रीसमध्ये ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी अंडी लाल रंगवतात, लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, आणि कवच म्हणजे बंद कबर. तिथेही पारंपरिक रंग कांद्याच्या सालांचाच. येशूने शिष्यांसोबत केलेल्या शेवटच्या भोजनाचा दिवस असल्याने घरातले सगळे स्वयंपाकघरात एकत्र असतात, म्हणून मला हा दिवस बरोबर वाटतो.

दुकानात मिळणारी पांढरी अंडी घ्या. गावठी अंडी तपकिरी असतात, त्यांच्यावर कांद्याचा रंग गडद छान येतो पण पिवळा-निळा उठत नाही. अंडी फ्रिजमधून आधी काढून ठेवा, थंडगार अंडं गरम पाण्यात तडकतं.

कांद्याचा रंग असा. दहा-बारा कांद्यांची सालं, म्हणजे दोन-तीन गच्च मुठी, एक लिटर पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळायची. पाणी गडद झालं की गाळून पूर्ण गार करायचं, त्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर. व्हिनेगर कशाला, तर कवच हे कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, आम्लामुळे त्याचा वरचा थर किंचित खरखरीत होतो आणि रंग पकडतो, बारीक बुडबुडे दिसतात ते त्याचेच, मुलांना दाखवा. जास्त ओतू नका, कवच पातळ होतं. आता कच्ची अंडी त्या गार पाण्यात एका थरात ठेवून गॅस लावायचा, उकळी आल्यावर दहा मिनिटं, मग गॅस बंद करून त्याच पाण्यात गार होऊ द्यायची. किती वेळ ठेवता त्यावर केशरी ते विटकरी तांबडा असा रंग येतो. जुनं स्टीलचं पातेलं वापरा, ॲल्युमिनियमचं काळं पडतं.

आता खरी मजा पानांची. रंगात टाकण्याआधी कोथिंबिरीचं किंवा शेवग्याचं छोटं पान पाण्यात भिजवून कच्च्या अंड्यावर सपाट चिकटवा, वरून जुन्या ओढणीचा पातळ तुकडा नाहीतर नायलॉनचा मोजा घट्ट ताणून बसवा आणि मागे दोऱ्याने आवळून बांधा. सैल राहिलं तर पानाखाली रंग शिरतो आणि नक्षी पुसट येते, त्यामुळे बांधायचं काम मोठ्यांनी, पान निवडून लावायचं काम मुलांनी. शिजून गार झाल्यावर कापड कापून पान काढलं की तेवढाच भाग पांढरा, शिरा-कडांसकट. शेवग्याची पानं छोटी गोल असतात त्यामुळे अंड्याच्या गोलाईवर सगळ्यात नीट बसतात, मेथीची जरा जाड पडतात.

बाकीच्या रंगांसाठी अंडी आधी उकडून घ्या आणि गार रंगात बुडवा. हळद, दोन मोठे चमचे दोन कप पाण्यात उकळून गार, अर्ध्या तासात पिवळीधमक. बीट किसून उकळून गाळलेलं, यात अंडं शिजवायचं नाही, शिजवलं तर मातकट होतं, गार पाण्यात ठेवलं तर गुलाबी येतं. गोकर्णाची निळी फुलं कुंपणावर असतील तर मूठभर उकळा, निळा येतो. आणि जांभळा कोबी, हा मुलांना फार आवडतो, कारण पाणी जांभळं आणि अंडं बाहेर येतं निळं. कोबीतला रंग आंबट-अल्कली प्रमाणे बदलतो, कवच अल्कलीकडचं म्हणून निळं. त्याच कोबीच्या पाण्याचे दोन पेले वेगळे काढून एकात लिंबू पिळा, गुलाबी होईल, दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, निळं-हिरवं होईल, विज्ञानाचा तास फुकटात. गडद निळा हवा तर अंडी रंगासकट रात्रभर फ्रिजमध्ये. आणि आधी निळं करून मग हळदीत बुडवलं की हिरवं.

ज्यांची मुलं आठ-नऊ वर्षांची आहेत त्यांनी मेणाची नक्षी करून बघावी. पांढऱ्या मेणबत्तीच्या टोकाने उकडलेल्या कोरड्या अंड्यावर चित्र काढायचं, दिसत काहीच नाही, मग हळदीत बुडवलं की मेणाची रेघ पांढरी राहते. युक्रेनमध्ये याच पद्धतीने, मधमाशीचं मेण वितळवून बारीक नळीच्या अवजाराने, एकावर एक रंग चढवत जे अंडं करतात त्याला पिसांका म्हणतात, २०२४ मध्ये युनेस्कोने ती कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. घरी एकाच रंगात करा, नाव, क्रूस, मासा, ठिपके. मग जमलं की पिवळ्यावर परत मेण लावून निळ्यात.

अंडी पूर्ण वाळल्यावर कापसावर एक थेंब खोबरेल घेऊन पुसा, चमक येते.

खायची आणि शोभेची अंडी वेगळी ठेवा, हे मात्र नक्की. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ३२ च्या वर असतो, त्या गरमीत उकडलेलं अंडं तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिलं तर खाऊ नये. रंगवून झालं की फ्रिजमध्ये, आठवड्याच्या आत संपवायची. शोभेला ठेवायची असतील तर आधी पोकळ करा: धुतलेल्या कच्च्या अंड्याला दाभणाने दोन्ही टोकांना भोक, खालचं जरा मोठं, आत तार फिरवून बलक फोडायचा, आणि औषधाच्या बिनसुईच्या सिरिंजने वरून हवा ढकलायची, आतलं वाटीत पडतं, त्याचं आमलेट. तोंडाने फुंकू नका, कच्च्या अंड्याने पोट बिघडतं. मग साबणाच्या पाण्याने आतून विसळून वाळवायची. हे काम मोठ्यांचं, आणि मुलांना सांगून ठेवा की ही कवचं बोटांच्या टोकांनी धरायची.

शुक्रवार

येशूला क्रूसावर चढवलं तो हा दिवस, म्हणून आज क्राफ्ट नाही. रंग बाहेर काढायचे नाहीत. संध्याकाळी चर्चमधून आल्यावर बागेपाशी बसा, पांढऱ्या मलमलचा छोटा तुकडा मुलांच्या हाताने कबरीत ठेवा आणि दगड लावा. मुलं प्रश्न विचारतात, उत्तरं द्या, घाई करू नका.

शनिवार: मेणबत्ती

रात्रीच्या मिस्सामध्ये नवा अग्नी पेटवतात आणि त्यावरून पास्काची (म्हणजे ईस्टरची) मोठी मेणबत्ती लावतात, तिच्यावर क्रूस, अल्फा आणि ओमेगा ही ग्रीक अक्षरं आणि त्या वर्षाचे चार आकडे असतात. घरातही तशी करता येते. टिश्यू रोलच्या दोन नळ्या एकावर एक चिकटवून पांढरा कागद गुंडाळा, वर मुलांनी क्रूस आणि आकडे रंगवायचे, पत्रिकेच्या सोनेरी-लाल कागदाची ज्योत. ही शोभेचीच, पेटवायची नाही.

खरी उपयोगाची वस्तू म्हणजे मेण झेलायची वाटी. चर्चमध्ये सगळ्यांच्या हातात छोटी मेणबत्ती असते आणि गरम मेण बोटांवर पडतं. पुठ्ठ्याचं बशीएवढं गोल कापा, मधे अधिक चिन्हासारखी चीर पाडा, मेणबत्ती खालून त्यात घट्ट बसवा, ज्योतीपासून चार बोटं खाली. कडेला मुलांना नक्षी काढू द्या. शेजारच्यांसाठीही जास्तीच्या करून न्या, आजी-आजोबांना फार बरं वाटतं. केस बांधलेले, ओढणी मागे, आणि पाच वर्षांखालच्यांची मेणबत्ती मोठ्यांच्या हातात.

मुलं झोपली की दगड बाजूला सरकवा आणि मलमलचा तुकडा घडी करून आत ठेवा. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात कबरीत फक्त वस्त्रं सापडली असंच लिहिलंय.

रविवार

सकाळी आधी बाग, मग अंडी. मुलांनी दगड सरकलेला स्वतः बघू द्या, बोलावून दाखवू नका.

शोधाशोधीसाठी खरी अंडी लपवू नका, ऊन, मुंग्या, मांजर आणि कावळे सगळे आहेत. कागदी आणि कणकेची अंडी लपवा, किती लपवली ते लिहून ठेवा, लहान मुलांची कमरेच्या खाली आणि मोठ्यांची अवघड जागी, आणि प्रत्येकाचा रंग ठरवून द्या म्हणजे मोठा भाऊ सगळी गोळा करत नाही. सकाळी नऊच्या आत उरका.

खायच्या अंड्यांनी ग्रीक पद्धतीचा खेळ खेळा. दोघांनी एकेक अंडं मुठीत धरायचं, एक म्हणतो ख्रिस्त उठला आहे, दुसरा म्हणतो खरोखर उठला आहे, आणि टोकावर टोक आपटायचं, ज्याचं तडकलं नाही तो पुढच्याशी. मग सगळ्यांनी सोलून मीठ-मिरपूड लावून खायची.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडक्यात, तिथल्या बऱ्याच प्राथमिक शाळांमध्ये ईस्टरची टोपी घालून परेड असते आणि निरोप आदल्या आठवड्यात येतो. कागदी ताटलीचा मधला गोल कापून कडा टोपीसारखी वापरा, ट्रेची फुलं आणि पिल्लं त्यावर चिकटवा, हनुवटीखाली रिबीन, झालं.

नंतर आवराआवर. खाल्लेल्या अंड्यांची कवचं वाळवून चुरा करून गुलाबाला, मोगऱ्याला घाला. बागेतली मेथी मुलांकडूनच कात्रीने कापून घ्या, धुऊन डाळीत टाका, आणि माती परत कुंडीत. पोकळ अंडी वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून अंड्याच्या ट्रेमध्ये, वरच्या फळीवर, खोक्यावर वर्ष लिहून.